दहा गावठी कोंबड्यांचं खुराडं: कोकणातला पाऊस आणि रात्र धरून केलेली आखणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीच्या बाजूला घर, मागच्या परसात साधारण २० बाय १५ फूट जागा, नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा. चिऱ्याच्या चार भिंती, वर स्लॅब, एक लहान खिडकी आणि लोखंडी दार असं पक्कं खुराडं नारळाखाली बांधायचा बेत आहे आणि पाऊस लागायच्या आत ते पुरं करायचं आहे. आकार, जाळी आणि जागा बरोबर आहे का, हे तुम्ही विचारलंय.

माझं मत स्पष्ट सांगते. चिऱ्याची बंद खोली बांधू नका. कोकणात गारठ्यानं कोंबडी मरत नाही. ती मरते ओलीनं, कोंडलेल्या हवेनं आणि रात्री शिरलेल्या जनावरानं. एका मोठ्या कोंबडीची रोज शंभर-सव्वाशे ग्रॅम ओली शीट पडते, म्हणजे दहा पक्ष्यांची किलोभर. जुलैमध्ये हवाच इतकी दमट असते की बंद खोलीत ही शीट वाळतच नाही. मग अमोनिया धरतो, डोळे पाणावतात, सर्दी-घरघर सुरू होते, आणि माणूस औषधं बदलत बसतो. खुराड्यात वाकल्यावर तुमच्या नाकाला झोंबलं तर तासन् तास तिथे बसणाऱ्या कोंबडीला ते कधीचंच झोंबतंय, असं समजा. चिरे वाया जाणार नाहीत, ते जोत्याला वापरा.

जागा बदला. नारळाखाली तर नकोच, एक नारळ किंवा वाळलं झाप पडलं की पत्रा फुटतो. घरापासून पंधरा-वीस फूट लांब, विहिरीपासून त्याहून लांब, आणि परसातल्या सगळ्यात उंच कोपऱ्यात घ्या. चढाच्या बाजूनं आधी एक चर खणा म्हणजे वरचं पाणी वळून जाईल. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, त्यामुळे लांब भिंतींवर उन्हाचा मारा कमी होतो. पाऊस तुमच्याकडे नैऋत्येकडून येतो, तेव्हा दक्षिण आणि पश्चिम या बंद बाजू, उत्तर आणि पूर्व या उघड्या.

आकार ६ बाय ४ फूट पुरतो. दिवसभर बाहेर फिरणाऱ्या पक्ष्याला रात्रीपुरती दोन-सव्वादोन चौरस फूट जागा बास. पण झडीच्या पावसात दोन-दोन दिवस बाहेर सोडता येत नाही आणि तेवढ्या जागेत कोंबड्या एकमेकींची पिसं उपटायला लागतात. म्हणून पूर्वेला त्याच छपराखाली चार फुटांची पडवी काढा. पुढे बाहेर ८ बाय १० चं कुंपण. दहा पक्ष्यांना हा हिशेब बसतो. पंधरा करायचे मनात असेल तर आत्ताच लांबी ८ फूट धरा, नंतर वाढवणं महागात जातं.

जमिनीपासून दोन फूट उंच तळ घ्या आणि तो फटींचा करा. पोफळीच्या चिरलेल्या रिपा याला सगळ्यात उत्तम: दीड इंच रुंद, कडक पाठ वर, कुसळं रंधून काढलेली. दोन रिपांत सहा सूत, म्हणजे पाऊण इंच फट. दोन बाय चार फुटांच्या तीन चौकटी करा. प्रत्येकीत अकरा रिपा आणि दहा फटी असं बरोबर २४ इंच भरतं. चौकटी ठोकून टाकू नका, नुसत्या बसवा, म्हणजे उचलून बाहेर धुता येतात. फट चार सुतांवर आणली तर शीट अडकून थर चढतो. एक इंच केली तर पाय अडकतो. पिल्लं मात्र या तळावर सोडायची नाहीत, त्यांचे पाय सहा सुतांतूनही जातात. रवणीची (अंडी उबवलेली) कोंबडी आणि पिल्लं पहिले पाच-सहा आठवडे वेगळी, जमिनीवर तूस पसरून.

काही जण रिपांऐवजी सरळ तारेची जाळी अंथरतात. रोज तारेवर उडी मारून तळव्याला गाठ येते, आत पू धरतो आणि कोंबडी लंगडायला लागते. जड जातींना, म्हणजे गिरिराज किंवा वनराजला, हा त्रास लवकर होतो.

सहा सुतांच्या फटीतून उंदीर आणि साप आत येतो, हे खरं. पण रिपांखाली बारीक जाळी मारली तर ती शिटेनं आठवड्यात बुजते. त्यामुळे जाळी तळाला मारायची नाही. तळाखालचा दोन फुटांचा भाग चारी बाजूंनी बारीक जाळीनं बंद करायचा, आणि उत्तरेला तिथेच एक लांब झडप ठेवायची. खाली तीन इंच भाताचं तूस, त्यावर थोडी राख. शीट त्यात पडते, आठवड्याला दाताळ्यानं हलवायची, महिन्यातून एकदा ओढून काढायची. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी. ते खत ताजं झाडाला घालू नका, मुळं करपतात. खड्ड्यात पालापाचोळ्यासोबत दोन-तीन महिने कुजू द्या.

जाळीबद्दल घाई करू नका. दुकानात "कोंबडी जाळी" म्हणून जी षटकोनी मिळते, ती कोंबडी आत ठेवते, पण जनावर बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दातानं फाडतो आणि पिळलेली तार खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजते. अर्ध्या इंची चौकोनी वेल्डमेश घ्या, १८ किंवा १९ गेजची. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे लक्षात ठेवून मागा. वेल्डिंगनंतर जस्त चढवलेली मिळाली तर तीच घ्या, कारण आधी चढवलेलं जस्त जोडाशी जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. खुराडं, खालचा भाग आणि जमिनीवरचा पट्टा धरून चार फूट रुंदीची ४० फूट जाळी लागेल.

हा जमिनीवरचा पट्टा लोक गाळतात. जोत्याच्या बाहेर दीड फूट जाळी आडवी पसरायची, आतली कड उभ्या जाळीला तारेनं शिवायची, आणि वर माती-दगड टाकायचे. घूस किंवा कुत्रा भिंतीच्या अगदी बुडाशी उकरतो, जाळी लागली की थांबतो. दीड फूट मागे सरून उकरायचं त्याला सुचत नाही. कातळावर चर खणण्यापेक्षा हे सोपंही आहे.

जाळी चौकटीच्या बाहेरून लावा. बाहेरून धक्का बसला की ती चौकटीवर दाबली जाते. आतून लावलेली असेल तर तोच धक्का खिळे उपसतो. नुसत्या खिळ्यांवर भरवसा नको, कडेनं लोखंडी पट्टी ठेवून दर सहा इंचांवर स्क्रू. दाराखाली आणि बिजागरीच्या बाजूला चार सुतांपेक्षा जास्त फट राहता कामा नये. दाराला कडी आणि कोयंड्यात खिट्टी, दोन्ही हवीत. नुसती सरकती कडी कुत्र्याच्या धक्क्यांनी हळूहळू सुटते. उदमांजर आणि रानमांजर रात्री येतात, पण मुंगूस दिवसाढवळ्या येतं. त्यामुळे बाहेरच्या कुंपणालाही खालचे दोन फूट हीच बारीक जाळी लावा, वर साधी चेनलिंक चालेल. घार आणि शिक्रा पिल्लं उचलतात, त्यासाठी वरून मासेमारीचं जुनं जाळं ताणून बांधा.

सांगाडा लाकडाचा की लोखंडाचा? वाळवी पाहता मी लोखंड म्हणेन, दीड बाय दीड इंची चौकोनी पाइप. खांब सहा: चार खुराड्याचे, दोन पडवीचे. उत्तरेकडचे तीन जमिनीवर सात फूट, दक्षिणेकडचे सहा फूट, आणि प्रत्येकी दीड फूट काँक्रीटमध्ये. वीस फुटी तीन पाइपांत सहाही खांब निघतात. काँक्रीट जमिनीच्या वर दोन इंच आणून बाहेर उतार द्या. पाइप गंजतो तो नेमका मातीच्या रेषेवर, पाणी साचून. वेल्डिंग झाल्यावर रेड ऑक्साइड आणि वर ऑइलपेंटचे दोन हात, जाळी लावायच्या आधी. जाळीमागे नंतर ब्रश पोचत नाही. लाकूडच वापरायचं असेल तर खांब मातीत न पुरता चिऱ्यावर उभे करा.

छप्पर एकपाखी, उत्तरेकडून दक्षिणेकडे एक फूट उतार. दहा फुटी रंगीत पत्रे चार. दक्षिणेला साडेतीन फूट, उत्तरेला दोन फूट आणि पश्चिमेला दीड फूट बाहेर काढा. दक्षिणेचं एवढं मोठं पाखं पाहून फॅब्रिकेटर कमी करायला सांगेल, ऐकू नका. पागोळीचं पाणी भिंतीपासून जितकं लांब पडेल तितकं आतलं तूस कोरडं राहतं. मात्र वारा पत्रा खालून उचलतो, म्हणून वासे पत्र्याच्या टोकापर्यंत न्या आणि शेवटच्या पन्हळीवर स्क्रू दुप्पट मारा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली आग होते. पत्र्यावर विणलेली झापं बांधली की मोठा फरक पडतो, पावसाआधी ती काढून टाकायची. कौलं छानच, पण त्यांना उतार खूप जास्त लागतो, मग दुपाखी आढं आणि सगळा हिशेब बदलतो. (घाटावर किंवा विदर्भात हेच बांधायचं असेल तर उंची एक-दीड फूट वाढवा, पश्चिमेला सावलीचं झाड बघा आणि दुपारी ओलं गोणपाट लावायची सोय ठेवा. तिथे शत्रू ऊन आहे.)

भिंती अशा: दक्षिण तळापासून तीन फूट बंद, वर एक फूट जाळी. पश्चिम वरचे सहा इंच सोडून पूर्ण बंद. उत्तर खालचा एक फूट बंद, बाकी सगळी जाळी. पूर्वेला दोन बाय चारचं जाळीचं दार, शेजारी १२ बाय १४ इंचांची सरकती खिडकी कोंबड्यांच्या ये-जा करण्यासाठी, आणि खाली उतरायला चार फुटांची फळी, दर सहा इंचांवर आडवी पट्टी मारलेली. बंद भागाला ८ मिमी सिमेंट बोर्ड वापरा. साधं प्लायवूड एका पावसाळ्यात फुगतं आणि थरांमध्ये किडे राहतात. दक्षिणेची तीन फूट उंची अंदाजानं नाही दिलेली: दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर बंद भिंत संपली पाहिजे. अंगावर वारा नको, डोक्यावरून हवा खेळती हवी.

बसायच्या दांड्या दोन, सहा-सहा फुटांच्या, तळापासून दीड फूट उंच आणि दोन्ही एकाच उंचीवर. खाली-वर केल्या की सगळ्यांना वरचीच हवी असते आणि रोज संध्याकाळी मारामारी. पहिली दक्षिण भिंतीपासून एक फूट, दुसरी तिच्यापासून चौदा इंच. दोन इंच जाडीचं, कडा गोल केलेलं लाकूड. गुळगुळीत बांबूवरून पाय घसरतो, आणि त्याच्या पोकळ टोकात गोचीड लपते. दांड्या खाचेत नुसत्या ठेवा, काढता आल्या पाहिजेत.

अंडी घालायचे खण तीन, प्रत्येकी १२ बाय १२ इंच आणि १४ इंच उंच, उत्तर भिंतीतून बाहेर काढलेले. ते दांड्यांपेक्षा खाली हवेत, नाहीतर कोंबड्या रात्री खणातच झोपतात आणि सकाळी अंडी घाणीत. पुढे चार इंचांची पट्टी, म्हणजे पेंढा बाहेर येत नाही. वरून उघडणारं झाकण करू नका, बिजागरीतून पाणी गळतंच. बाहेरच्या उभ्या बाजूला खाली पडणारं दार ठेवा. त्यालाही खिट्टी.

खाद्याचं आणि पाण्याचं भांडं पडवीत, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगून. उंच ठेवल्यानं उकरून सांडत नाहीत. मोठ्या पक्ष्याला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं, मोकळं फिरून किडे-गवत मिळत असेल तर त्याहून कमी. पाणी पाव लिटर, उन्हाळ्यात दुप्पट. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. खाद्य झाकणाच्या पिंपातच ठेवा. सांडलेल्या खाद्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे धामण, नाग. आणि पावसात ओललेलं, बुरशी धरलेलं खाद्य फेकूनच द्या, त्यातलं विष यकृतावर जातं. पडवीच्या कोपऱ्यात लाकडाची राख आणि कोरडी वाळू भरलेली एक पाटी ठेवा. पावसाळ्यात बाहेर धूळ नसते आणि धुळीत लोळता आलं नाही की उवा वाढतात.

गोचीड मात्र राखेनं जात नाही. ती दिवसा सांध्यात लपते आणि रात्री पक्ष्यावर चढते, म्हणून दिवसा कोंबडी तपासून काही सापडत नाही. रात्री बॅटरी घेऊन दांड्यांची खालची बाजू आणि खाचा बघा. दिसली तर दांड्या, चौकटी बाहेर काढून उकळतं पाणी ओता, कडक उन्हात वाळवा आणि बंद भिंतींना चुना मारा. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि दिवाळीनंतर, हे न चुकता करा.

खुराडं कितीही चांगलं बांधलं तरी मानमोडी (राणीखेत रोग) त्यानं थांबत नाही. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, आठ-दहा आठवड्यांना आर-टू-बी (या दोन्ही मानमोडीच्याच लसी) आणि देवीची लस, यासाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेवा. लसीच्या कुपीत बरेच डोस असतात, शेजारच्या दोन-तीन घरांची पिल्लं एकाच दिवशी आणली तर कुपी वाया जात नाही.

नवीन घरात पक्षी संध्याकाळी सोडा आणि पहिले तीन-चार दिवस आत आणि पडवीतच कोंडून ठेवा, खाद्य-पाणी तिथेच. त्यानंतर पहिल्यांदा बाहेर सोडाल तेव्हा अंधार पडायच्या तासभर आधी सोडा. एखादी तलंग (तरुण कोंबडी) झाडावर चढून बसलीच तर अंधारात उचलून दांडीवर आणून ठेवा, दोन-तीन दिवसांत ती आपली आपण आत जायला लागते.