‘पेशीसंकेतन’ की ‘संदेशवहन’?

प्रश्न असा: व्यायाम करताना स्नायूंच्या पेशींत जे ‘सेल सिग्नलिंग’ (पेशींनी रासायनिक किंवा विद्युत खुणा ओळखून प्रतिसाद देणे) चालते, त्याला ‘संदेशवहन’ म्हणावे की ‘पेशीसंकेतन’?

माझे मत ‘पेशीसंकेतन’च्या बाजूने आहे. त्याचे कारण शब्दकोशापेक्षा स्नायूतच सापडते.

वहन म्हटले की एखादी गोष्ट इथून उचलून तिथे पोचवणे आले. स्नायूत तसे घडत नाही. मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन हे रसायन सुटते, स्नायूपेशीच्या पटलावरच्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटते आणि त्याचे काम तिथेच संपते. ते आत शिरत नाही. त्याच्या चिकटण्यामुळे पटलावर विद्युत स्पंद उठतो, पेशीत खोलवर गेलेल्या सूक्ष्म नळ्यांतून पसरतो आणि आतल्या साठ्यातले कॅल्शियम मोकळे होते. दर टप्प्याला रूप बदलते.

आता हे कॅल्शियम बघा. ते ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटले की तंतू एकमेकांवर सरकून स्नायू आकुंचन पावतो. तेच कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या दुसऱ्या प्रथिनाला चिकटले की काही विकरे (एन्झाइम) कामाला लागतात, आणि व्यायाम नेमाने चालू राहिला तर कोणती जनुके किती वापरायची हेही बदलू लागते. कॅल्शियम एकच, पण त्याचा अर्थ घेणाऱ्याकडे आधीच ठरलेला. मराठीत ‘संकेत’ नेमका अशाच ठरलेल्या खुणेला म्हणतात. जुन्या काव्यात संकेतस्थळ म्हणजे प्रेमिकांनी भेटीसाठी ठरवलेली जागा. ‘साहित्यसंकेत’मध्येही तोच भाव आहे.

दुसरे उदाहरण मला याहून बोलके वाटते. जोराच्या व्यायामात पेशीला ऊर्जा पुरवणारे एटीपी झपाट्याने खर्च होते आणि एएमपी साठू लागते. एएमपी कोणी ‘पाठवलेले’ नसते, ते खर्चातून उरलेले असते. तरी एएमपीके नावाचे विकर त्यावरून इंधन कमी पडत असल्याचे ओळखते आणि मेदाचे ज्वलन वाढवते. धाडणाराच नाही, तर याला संदेश कसे म्हणणार? खूण मात्र आहे.

‘संदेश’ शब्द टाकून द्यावा असे मात्र नाही. काम करणारा स्नायू इंटरल्यूकिन-६सारखी प्रथिने रक्तात सोडतो आणि ती यकृतापर्यंत, मेदऊतींपर्यंत जाऊन परिणाम घडवतात. तिथे ‘संदेश’ आणि ‘वहन’ दोन्ही शोभतात. तसाच ‘दुय्यम दूत’ (सेकंड मेसेंजर, म्हणजे बाहेरची खूण पेशीच्या आत पुढे नेणारा रेणू) हा शब्दही असू द्यावा. जीवरसायनशास्त्रज्ञ अर्ल सदरलँड यांना १९७१चे नोबेल ज्या संशोधनासाठी मिळाले, त्यातल्या सायक्लिक एएमपी या अशाच रेणूमुळे ती कल्पना रुजली; रुळलेली संज्ञा मोडण्यात अर्थ नाही.

दोन पथ्ये पाळावीत. संगणकाच्या लिखाणात ‘संकेतन’ एन्कोडिंगसाठीही येते, म्हणून ‘पेशी’ किंवा ‘कॅल्शियम’ जोडूनच तो शब्द वापरावा. आणि हिंदी मजकूर समोर असेल तर जपून: हिंदीत मांसपेशी म्हणजे स्नायू, आणि आपल्या पेशीला तिथे कोशिका म्हणतात. ‘पेशियों में संकेतन’ला मराठीत ‘पेशींमधील संकेतन’ लिहिले, तर वाक्यातून स्नायूच गायब होतो. तिथे ‘स्नायूंमधील पेशीसंकेतन’ असेच लिहावे.