वाचकांचे प्रश्न : कॅम्पवर ट्रेलर लेव्हल करताना

उन्हाळा तोंडावर आला की अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या आपल्या वाचकांची ट्रॅव्हल ट्रेलरबद्दलची (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) पत्रं येऊ लागतात. यंदा त्यांतली बरीचशी ट्रेलर लेव्हल करायला, म्हणजे समपातळीत आणायला लागणारे ब्लूटूथ सेन्सर, टायरखाली घालायचे वक्राकार लेव्हलर आणि फोनवरचं ॲप यांबद्दल आहेत. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : फोनमध्ये लेव्हल दाखवणारं ॲप फुकट मिळतं. मग वेगळा सेन्सर कशाला विकत घ्यायचा? — एक वाचक, न्यू जर्सी

फोनवर काम भागतं, पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे फोन पाठीवर ठेवायचा नाही. मागचा कॅमेरा वर आलेला असतो. तो उंचवटा नुसता 2 मिलिमीटरचा असला, तरी सहा इंची फोन पाऊण अंशाने तिरका बसतो. त्यामुळे कव्हर काढा आणि फोन त्याच्या लांब, सरळ कडेवर उभा करून आकडा वाचा.

दुसरी गोष्ट, फोन कोन सांगतो आणि तुम्हाला हवे असतात इंच. तो हिशेब स्वतः करावा लागतो. डाव्या-उजव्या टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंत 72 इंच अंतर असेल, तर 1 अंशाला सव्वा इंच, 2 अंशांना अडीच आणि 3 अंशांना पावणेचार इंच उचल लागते. हे तीन आकडे कागदावर लिहून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.

लेव्हलमेट प्रोसारखा सेन्सर हाच हिशेब करून, कोणतं चाक किती इंच उचलायचं ते ड्रायव्हरच्या फोनवर दाखवतो. ट्रेलरचं चाक हळूहळू ठोकळ्यावर चढत असताना आकडा उतरताना दिसतो, दर वेळी उतरून आत जाऊन बघावं लागत नाही. पैसे याचेच आहेत. वर्षातून एखाद-दोन वेळा जाणाऱ्यांना फोन आणि हार्डवेअरच्या दुकानातली बुडबुड्याची पाणसळ पुरते, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : सेन्सर बसवला, घरासमोर शून्य सेट केलं. आता ॲप ‘लेव्हल’ म्हणतं, पण न्हाणीतलं पाणी एका कोपऱ्यात साचतं आणि फ्रिजचं दार आपोआप उघडतं. सेन्सर खराब आहे का? — एक वाचक, टेक्सस

सेन्सर बहुतेक ठीक असेल. ‘घरासमोर’ या शब्दातच कारण दिसतं. ड्राइव्हवेला पाणी वाहून जाण्यासाठी मुद्दाम उतार दिलेला असतो. नुसता 2 टक्के उतार म्हणजे सव्वा अंशाच्या आसपास होतो आणि 72 इंचांच्या अंतरावर जवळजवळ दीड इंच. तुम्ही शून्य सेट केलंत ते त्या उताराला. आता प्रत्येक कॅम्पवर ॲप ट्रेलरला इमानेइतबारे तोच उतार देतं.

शून्य पुन्हा सेट करा. स्लाइड-आउट (बाहेर सरकणारा खोलीचा भाग) आत आणि स्टॅबिलायझर (ट्रेलर हलू नये म्हणून टेकवायचे पाय) वर असू द्या. पाणसळ फ्रिजजवळच्या जमिनीवर आधी आडवी, मग ट्रेलरच्या लांबीच्या दिशेने ठेवा. प्रत्येक वेळी बुडबुडा बघा, मग तीच पाणसळ 180 अंश फिरवून त्याच जागी ठेवा आणि पुन्हा बघा. दोन्ही वेळा बुडबुडा ट्रेलरच्या त्याच बाजूला, तेवढाच सरकलेला (किंवा मधोमध) आला तर पाणसळ खरी आहे. नाही आला तर आधी पाणसळच बदला. ट्रेलर खरोखर समपातळीत आला की मगच ॲपमध्ये ‘सेट लेव्हल’ दाबा.

तेवढ्यात आणखी तीन गोष्टी तपासून घ्या.

रुंदी : ॲपमध्ये ट्रेलरच्या पेटीची रुंदी भरलेली असते, असं पुष्कळदा आढळतं. तिथे टायरच्या मध्यापासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर हवं. 72 च्या जागी 96 भरलं, तर 3 इंच लागत असताना ॲप 4 दाखवेल. लांबी मोजताना पुढच्या जॅकपासून (पुढचं टोक वर-खाली करणारा पाय) ॲक्सलपर्यंत (चाकांचा आस) मोजा. दोन ॲक्सल असतील तर दोन्हींच्या मधल्या बिंदूपर्यंत.

बसवण्याची दिशा : सेन्सर ट्रेलरच्या लांबीला काटेकोर समांतर असायला हवा. तो 5 अंश वाकडा बसला आणि ट्रेलर बाजूला 3 अंश कललेला असला, तर पुढे-मागेही पाव अंशाचा खोटा कल दिसतो. जॅक ॲक्सलपासून 16 फुटांवर असेल तर ही चूक जॅकपाशी पाऊण इंचाच्या वर जाते. एकदा ट्रेलर समपातळीत आणून शून्य सेट केलं की ही चूक दिसत नाही, पण दुसऱ्या कॅम्पवर ती पुन्हा डोकं वर काढते.

चिकटपट्टी : उन्हात बंद ट्रेलरमध्ये दुहेरी चिकटपट्टी मऊ पडते आणि सेन्सर केसभर सरकतो. त्याला स्क्रूच मारा. जागा पुढच्या कपाटात, पक्क्या भिंतीवर निवडा, म्हणजे सिग्नल गाडीपर्यंत नीट पोहोचतो. ॲल्युमिनियमचा पत्रा ब्लूटूथ बराच अडवतो. स्लाइड-आउटवर किंवा कपाटाच्या दारावर सेन्सर कधीही लावू नका.

प्रश्न : ट्रेलर किती समपातळीत आला म्हणजे पुरे? फ्रिज बिघडतो असं सगळे सांगतात, ते खरं आहे का? — एक वाचक, ओंटारियो

फ्रिज कोणता आहे त्यावर ते अवलंबून आहे. 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज असेल तर थोड्या कलाने त्याचं फारसं बिघडत नाही. गॅसवरही चालणारा ॲब्सॉर्प्शन फ्रिज असेल, तर मात्र लोक सांगतात ते खरं आहे.

या फ्रिजमध्ये पंप नसतो. आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतात. अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण खालच्या उष्णतेने वर चढतं आणि द्रव आपल्या वजनाने, बारीक उताराच्या नळ्यांतून खाली परततो. फ्रिज फार कलला की द्रव मध्येच साचतो, बॉयलरची नळी कोरडी पडते आणि जास्त तापते. नळ्या गंजू नयेत म्हणून मिश्रणात सोडियम क्रोमेट घातलेलं असतं. त्या उष्णतेने त्याचे खडे बनून नळी तुंबते. हे नुकसान दर वेळी थोडं थोडं साठत जातं आणि भरून निघत नाही. बाहेरच्या जाळीमागे पिवळी भुकटी किंवा डाग दिसले, अमोनियाचा वास आला, तर फ्रिजची गॅस आणि वीज लगेच बंद करा, खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा. भुकटी विषारी असते, तिला उघड्या हाताने शिवू नका.

आता मर्यादेबद्दल. नॉरकोल्ड या कंपनीच्या फ्रिजच्या माहितीपुस्तिकांत डावी-उजवीकडे 3 अंश आणि पुढे-मागे 6 अंश अशी मर्यादा दिलेली असते. ही डावी-उजवी बाजू फ्रिजची, आपण त्याच्यासमोर उभे राहिल्यावर दिसते ती. बऱ्याच ट्रेलरमध्ये फ्रिज बाजूच्या भिंतीला लावलेला असतो, म्हणजे फ्रिजची डावी-उजवी ही ट्रेलरची पुढची-मागची दिशा होते. कडक मर्यादा त्या वेळी जॅकच्या दिशेला लागू होते. लोक आडव्या कलाची काळजी करतात आणि पुढचं टोक तसंच खाली सोडतात, हे उलटं आहे. आपल्या फ्रिजची पुस्तिका काढा आणि फ्रिज कोणत्या भिंतीला आहे ते बघून ठरवा.

गाडी चालू असताना हादऱ्यांनी द्रव हलत राहतो, म्हणून घाटात एवढी भीती नसते. पण उतारावर ट्रेलर उभा करून तासभर जेवायला थांबणार असाल, तर तेवढ्यापुरता फ्रिज बंद ठेवा.

झोप, दारं आणि सांडपाण्याचा निचरा यांसाठी अर्धा अंश पुरे. पाव इंचासाठी अंधारात खटपट करू नका.

प्रश्न : वक्राकार लेव्हलर घेतला. आमच्या ट्रेलरला दोन ॲक्सल आहेत. लेव्हलर एका टायरखाली घातला की त्याचं जाड टोक शेजारच्या टायरला घासतं. काय करावं? — एक वाचक, कॅलिफोर्निया

अँडरसनच्या धाटणीच्या केळ्याच्या आकाराच्या लेव्हलरची ही नेहमीची अडचण आहे, कारण दोन टायरमधली फट अरुंद असते. जाड टोक करवतीने थोडं कापणारे बरेच आहेत. ते चालतं, फक्त जेवढं कापाल तेवढी वरची उंची कमी होते. पूर्ण लेव्हलर साधारण 4 इंच उचलतो.

दोन ॲक्सल असतील तर खालच्या बाजूच्या दोन्ही टायरखाली एकेक लेव्हलर घाला. एकच टायर उचलला तर वजनाची वाटणी बिघडते आणि एका टायरवर जास्त भार येतो.

लेव्हलर दोन्ही टायरच्या एकाच बाजूला बारीक टोकाने टेकवा आणि ट्रेलर इंचाइंचाने त्यावर चढवा. एकाने ट्रेलरजवळ उभं राहून लक्ष ठेवावं. ॲपवर आडवा आकडा शून्यावर आला की थांबा, लेव्हलरखालच्या फटीत त्याचं पाचर घट्ट बसवा आणि मग ब्रेक सोडा. कडक माती किंवा गुळगुळीत डांबरावर लेव्हलर चढण्याऐवजी पुढे घसरतो. त्याखाली जाड रबरी चटईचा तुकडा टाका.

ठोकळे वापरत असाल तर पायऱ्या करा. एक इंची ठोकळ्यांनी 3 इंच उंची हवी तर एका टायरला 3, 2 आणि 1 असे 6 लागतात, दोन टायरना 12. टायर पूर्ण रुंदीने ठोकळ्यावर बसला पाहिजे. कडेबाहेर लोंबणाऱ्या टायरच्या आतल्या तारांवर ताण येतो, आणि ते बाहेरून दिसत नाही.

प्रश्न : माझ्या अँड्रॉइड फोनवर सेन्सर सापडतच नाही, बायकोच्या फोनवर मात्र चालतो. — एक वाचक, इलिनॉय

त्यांच्या फोनवरचं ॲप आधी पूर्ण बंद करा. बहुतेक सेन्सर एका वेळी एकाच फोनशी बोलतात. मग परवानग्या बघा. अँड्रॉइड 12 पासून ‘जवळची उपकरणं’ ही परवानगी लागते, 11 आणि त्याआधीच्या फोनांत लोकेशन चालू असावं लागतं. ब्लूटूथला मोबाइल नेटवर्कची गरज नसते, पण ॲप घरूनच उतरवून, एकदा जोडून बघा. जंगलात गेल्यावर ते उतरवता येणार नाही.

प्रश्न : निघायच्या दिवशी कपलर (ट्रेलरच्या पुढच्या टोकाची जोडणी) गाडीच्या बॉलवर बसवताना उंची जुळतच नाही. ॲपमधली ‘हिच पोझिशन’ (जोडणीच्या वेळचा कोन साठवणारं बटण) वापरावी का? — एक वाचक, कोलोरॅडो

जरूर वापरा. ते बटण कधी दाबायचं, एवढं मात्र नीट समजून घ्या.

ट्रेलर जागेवर आला की आधी आडवी लेव्हल, गाडी जोडलेली असतानाच. मग दोन्ही बाजूंच्या चाकांना चॉक (चाक अडवणाऱ्या पाचरी), पुढून आणि मागून. अमेरिकन ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक गाडी सुटली की काम करत नाहीत, ट्रेलर थांबतो तो फक्त चॉकवर. ब्रेकअवे केबल (ट्रेलर गाडीपासून तुटला तर ब्रेक लावणारी दोरी) ओढून तिचा पार्किंग ब्रेक करू नका, बॅटरी उतरते आणि ब्रेकमधलं चुंबक तापतं. आता वेट डिस्ट्रिब्युशनचे (वजन वाटून देणारे) दांडे काढा, कपलरची कडी उघडा, जॅकने पुढचं टोक वर घ्या. कपलर बॉलवरून नुकता मोकळा झाला की थांबा आणि ‘हिच पोझिशन’ त्याच क्षणी साठवा. ट्रेलर हलत नाही याची खात्री झाल्यावरच सेफ्टी चेन काढा. गाडी पुढे घ्या, मग जॅकने पुढची-मागची लेव्हल करा. सुटल्यावर आडवा आकडाही पुन्हा बघा. गाडी वाकड्या जागी उभी असेल, तर ती ट्रेलरला पीळ देत असते आणि सुटल्यावर तो निघतो. फरक अर्ध्या इंचाहून जास्त असेल तर परत जोडून दुरुस्त करा.

स्टॅबिलायझर सगळ्यात शेवटी, नुसते टेकून अर्धा-एक फेरा. त्यांच्यावर ट्रेलर उचललात तर चौकट पिळते आणि दारं अडकू लागतात.

निघताना साठवलेला कोन आला की कपलर बॉलच्या नेमका वर येतो. त्यासाठी टायरखालचे ठोकळे, लेव्हलर तसेच असू द्या. आधी गाडी जोडा, चेन लावा, चॉक काढा आणि मगच ठोकळ्यांवरून उतरा. गाडीच्या डिकीत येताना होतं त्यापेक्षा बरंच जास्त सामान भरलं असेल तर बॉल तेवढा खाली बसलेला असतो, म्हणून शेवटचा अर्धा इंच डोळ्यांनीच जुळवा.