यंत्रमानवाची वाट अडवावीशी का वाटते?

प्रश्न : आमच्या उपनगरातल्या एका मॉलमध्ये दुकानांची वाट दाखवणारा यंत्रमानव फिरतो. मागच्या रविवारी माझ्या सात वर्षांच्या नातवाने दोन मित्रांसह त्याला कोपऱ्यात अडवले. तो ‘कृपया वाट द्या’ म्हणत राहिला आणि मुले त्याच्या डोक्यावर टपल्या मारत राहिली. आम्ही मोठी माणसे हसत चित्रफीत काढत होतो, हे कबूल करते. हाच मुलगा सोसायटीतल्या मांजराला रोज दूध घालतो. मग हे असे का व्हावे?
— एक आजी, मुलुंड

उत्तर : आजी, ‘यंत्रच तर आहे, त्याला काय कळते’ असे मुलांना वाटत असेल, हे आपल्याला पहिल्यांदा सुचणारे स्पष्टीकरण आहे, पण ते बहुधा चुकीचे आहे. जपानमधल्या ओसाका शहरात संशोधकांनी एका मॉलमध्ये यंत्रमानव फिरता ठेवला, तेव्हा तिथल्या मुलांनीही त्याची वाट अडवली, त्याला लाथा मारल्या. अशा २३ मुलांशी ते नंतर बोलले. त्यांतल्या बहुतेकांना तो माणसासारखा वाटला होता, आणि आपले वागणे त्याला जाणवते असे सुमारे निम्म्या मुलांचे म्हणणे होते. म्हणजे खोडीतली गंमत तो निर्जीव असण्यात नव्हती. तो जिवंत असल्यासारखा उत्तर देतो, यात होती. रेल्वे फलाटावरच्या वजनाच्या काट्याला कोणी टपल्या मारत बसत नाही, कारण तो गयावया करत नाही. मांजर गयावया करत नाही, सरळ ओरबाडते. यंत्रमानव मात्र विनवतो आणि उलटून काहीच करत नाही. सात वर्षांच्या मुलाला अशी सत्ता एरवी कुठे मिळते?

ओसाकातला दुसरा अनुभव मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मुले घोळक्यात असली आणि जवळ मोठे माणूस नसले की छळ वाढे. म्हणून पुढे संशोधकांनी त्या यंत्रमानवाला धोका ओळखून मोठ्या माणसांकडे सरकायला शिकवले. तुमच्या मॉलमध्ये मोठी माणसे होती, पण ती प्रेक्षक झाली होती.

मोठ्यांचा राग ही निराळी गोष्ट आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये जमावाने वेमो कंपनीची चालकविरहित, रिकामी मोटार जाळली. न विचारता रस्त्यावर आणलेल्या यंत्राविषयीची नाराजी आणि त्याचा धनी समोर नसणे, या दोन्ही गोष्टी अशा वेळी जमून येतात. तुमच्या नातवाच्या खोडीला त्या पंक्तीला बसवू नका.

एक प्रयोग मात्र दिलासा देतो. संशोधक केट डार्लिंग यांनी काही प्रौढांना खेळण्यातले यांत्रिक डायनासोर दिले, त्यांच्याशी खेळू दिले आणि मग ते फोडायला सांगितले. माणसे तयार होईनात. तासाभराची ओळख त्यांना पुरली होती.

म्हणून ‘त्याला दुखते’ असे खोटे सांगू नका. पुढेमागे ते उघडे पडेल. नातवाला एकट्याने, मित्रांशिवाय, पुन्हा त्या यंत्रमानवाकडे न्या. त्याला खेळण्यांच्या दुकानाची वाट विचारू द्या आणि तो दाखवील त्या दिशेने तिघे मिळून चालत जा. मोबाइल पर्समध्येच राहू द्या.