प्राचीन आणि मध्ययुगीन संस्कृतीचं आज आपल्या जगण्यात नेमकं काय उरलं आहे?

संग्रहालयाबाहेर काही उरलंय का, असं विचारताय ना? आधी घड्याळ बघा. तासाची 60 मिनिटंच का, 100 का नाहीत? प्राचीन बॅबिलोनियातले (आजच्या इराकमधले) लोक 60 च्या पटीत मोजायचे म्हणून. 60 ला 2, 3, 4, 5, 6, 10, 12 अशा कितीतरी संख्यांनी पूर्ण भाग जातो, त्यामुळे वाटण्या करायला सोपं. फ्रेंच राज्यक्रांतीत दिवसाचे 10 तास करून पाहिले, पण ते दोन वर्षंही टिकलं नाही.

मला मात्र अंकांची गोष्ट जास्त भारी वाटते. भारतीय गणितज्ञ ब्रह्मगुप्ताने इ.स. 628 मध्ये शून्यासोबतच्या आकडेमोडीचे नियम दिले (शून्य भागिले शून्य बरोबर शून्य, हे तेवढं त्याचं चुकलं!). नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मीने शून्यासह अंक लिहिण्याची ही भारतीय पद्धत अरबीत समजावून सांगितली, आणि 1202 मध्ये इटलीतल्या फिबोनाची या गणितज्ञाने ती लॅटिन वाचणाऱ्यांपुढे ठेवली. अल्-ख्वारिझ्मीच्या नावाच्या लॅटिन रूपातूनच ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला. म्हणजे फोनवर पुढचा व्हिडिओ कुठला दाखवायचा हे ठरवणाऱ्या गोष्टीला बाराशे वर्षांपूर्वीच्या गणितज्ञाचं नाव आहे.

कलेत एकच उदाहरण देतो: रोमचं पँथिऑन हे प्राचीन मंदिर. सुमारे 43 मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट, आत एकही लोखंडी सळई नाही, आणि तो सुमारे 1,900 वर्षं उभा आहे. पुढे खांबांची रांग, मागे घुमट ही त्याची मांडणी नंतरच्या कितीतरी सरकारी इमारतींनी उचलली.

तत्त्वज्ञानाचं म्हणाल, तर वादात ‘यावरून हे सिद्ध होत नाही’ असं म्हणताना आपण अ‍ॅरिस्टॉटलने बांधलेल्या तर्कशास्त्राच्या वाटेवरूनच चालत असतो.