दूध तोडलेल्या कालवडी नव्या गोठ्यात रुळवताना

शिरूर व दौंड तालुक्यांतील काही पशुपालकांनी विचारले आहे की, तीन-साडेतीन महिन्यांच्या संकरित कालवडींचे दूध तोडून त्यांना मुक्तसंचार गोठ्यात सोडले असता त्या सारख्या हंबरतात, कुंपणाच्या कडेने फेऱ्या मारतात आणि खुराकाला (भरडा किंवा तत्सम पशुखाद्याला) तोंड लावत नाहीत. अशा वेळी टॉनिक द्यावे की दूध पुन्हा सुरू करावे?

हंबरणे व फेऱ्या मारणे साधारणपणे तीन-चार दिवसांत ओसरते. दूध पुन्हा सुरू केल्यास कालवडीला त्याच ताणातून दुसऱ्यांदा जावे लागते, म्हणून तसे करू नये. टॉनिक हाही त्यावरचा उपाय नव्हे. खरा धोका उपाशी राहण्याचा आहे, कारण ताण आणि उपासमार एकत्र आली की रोगप्रतिकारशक्ती घटते आणि नव्या गोठ्यातील पहिल्या काही आठवड्यांतच न्यूमोनिया गाठतो.

बावरलेली कालवड कुंपणाच्या कडेनेच चालत राहते. त्यामुळे पहिला आठवडा गव्हाण व पाणी गोठ्याच्या मधोमध न ठेवता कुंपणालगत, तिच्या वाटेतच येईल असे ठेवावे. बादलीतून पाणी प्यायलेल्या जनावराला सिमेंटचा हौद अनोळखी असतो. त्याचा काठ उंच असल्यास काही दिवस घमेली भरून ठेवावीत. जुन्या जागी जी वैरण मिळत होती तीच आधी द्यावी, मग ती कडब्याची कुट्टी असो वा सुकवलेला लसूणघास, आणि तिच्यावर ओळखीचा खुराक भुरभुरावा. खाणे सुरू झाले म्हणून भरडा एकदम वाढवू नये. पोटात आम्लता वाढून हगवण लागते. आपल्याकडे उसाचे वाढे मुबलक आणि स्वस्त मिळते हे खरे, परंतु त्यातील ऑक्सॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून वाढत्या वयात ते मुख्य वैरण म्हणून देऊ नये. युरिया प्रक्रिया केलेला चारा सहा महिन्यांखालील वासरांना मुळीच देऊ नये.

पुढच्या कालवडींच्या बाबतीत दोन बदल एकाच दिवशी करणे टाळावे, असा माझा आग्रह आहे. कालवड सलग तीन दिवस रोज सुमारे 1 किलो खुराक खाऊ लागली की दूध तोडावे, त्यानंतर आठवडाभर तिला जुन्याच जागी ठेवावे आणि मग गोठा बदलावा. शिंगे जाळण्याचे काम पहिल्या महिन्यातच उरकावे. लाळ्या-खुरकूत रोगाची पहिली लस चौथ्या महिन्यात, म्हणजे नेमकी याच सुमारास येते. ती चुकवू नये, मात्र हलवण्याच्या दिवशी न टोचता पशुवैद्यकाशी बोलून दिवस ठरवावा.

सकाळी वैरण टाकताना कोण मागे राहते, हे रोज पाहावे. कान पाडलेली, नाकातून घट्ट स्राव असलेली किंवा धापा टाकणारी कालवड वेगळी काढून तिचा ताप मोजावा आणि तो 103.5 अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त असल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याशी किंवा पशुवैद्यकीय मदतीच्या 1962 या निःशुल्क क्रमांकावर संपर्क साधावा. प्रतिजैविक स्वतःच्या मनाने देऊ नये.