मान भरपूर, अधिकार कोणाकडे?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. बहुतेक धर्मपरंपरांत स्त्रियांना माता, साध्वी, संत म्हणून एवढा मान असताना त्यांना अधिकार नाही ही तक्रार कितपत खरी मानावी, हा पहिला. आणि ती खरी असेल तर स्त्रियांनी पुरुषांच्या दारात थांबण्यापेक्षा स्वतःची वेगळी वाट का काढू नये, हा दुसरा. मी धर्मशास्त्राची पंडित नाही. पाली भाषा शिकण्याच्या निमित्ताने विनयपिटक, म्हणजे बौद्ध संघाच्या नियमांचे ग्रंथ, बरीच वर्षे वाचत आले आहे. म्हणून उत्तर मुख्यतः भिक्खुणी संघाच्या, म्हणजे बौद्ध संन्यासिनींच्या संघाच्या, आधाराने देते. ज्या परंपरेने स्त्रीला मुक्तीचा हक्क अगदी आरंभीच मान्य केला, तिथेच अधिकाराचे काय झाले हे पाहणे मला अधिक उद्बोधक वाटते.

मान आणि अधिकार ही दोन निरनिराळी खाती आहेत. एकात कितीही जमा झाले तरी ते दुसऱ्यात वळते होत नाही. अधिकार पाहायचा असेल तर दीक्षा कोण देतो, नियमभंगाचा निवाडा कोण करतो, वचनाचा अर्थ कोण लावतो आणि मठाच्या मालमत्तेच्या कागदावर सही कोणाची असते, हे विचारावे लागते. कॅथलिक चर्चने १९७० मध्ये आविलाची तेरेसा आणि सिएनाची कॅथरीन यांना ‘चर्चच्या आचार्य’ ही पदवी दिली. म्हणजे त्यांची शिकवण साऱ्या चर्चने शिरोधार्य मानावी अशी ती आहे, असे अधिकृतपणे सांगितले. त्याच चर्चच्या प्रमुखांनी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी, १९९४ मध्ये स्त्रियांना पुरोहितपदाची दीक्षा देण्याचा अधिकारच चर्चला नाही, असे पत्रक काढले. स्त्रीची शिकवण शिरोधार्य आहे, मात्र तिला वेदीपाशी उभे राहून विधी चालवता येत नाही. मानाच्या खात्यात यापेक्षा मोठी जमा ती कोणती असणार?

आता भिक्खुणी संघाकडे वळते. विनयपिटकातील कथेनुसार बुद्धांचा सांभाळ करणाऱ्या मावशीने, महाप्रजापती गोतमीने, कपिलवस्तूत तीनदा प्रव्रज्या, म्हणजे संन्यासाची दीक्षा, मागितली आणि तिन्ही वेळा नकार मिळाला. मग तिने केस कापले, काषाय वस्त्रे घातली आणि शाक्य स्त्रियांना घेऊन ती वैशालीपर्यंत चालत गेली. सुजलेल्या पायांनी, धुळीने माखून ती दाराबाहेर रडत उभी असल्याचे वर्णन आहे. बुद्धांचा शिष्य आनंद याने तिची बाजू मांडताना फार नेमका प्रश्न विचारला: स्त्री प्रव्रज्या घेऊन अर्हत्पदापर्यंत, म्हणजे पूर्ण मुक्तीपर्यंत, पोहोचण्यास समर्थ आहे की नाही? उत्तर ‘आहे’ असे आले. तत्त्वाचा प्रश्न तिथेच मिटला, आणि लगेच आठ अटी पुढे आल्या. पहिली अट अशी की उपसंपदा, म्हणजे संघातील पूर्ण दीक्षा, घेऊन शंभर वर्षे झालेल्या भिक्खुणीनेही त्याच दिवशी उपसंपदा घेतलेल्या भिक्खूला उठून वंदन करावे. या अटी मूळच्या की मागाहून घातलेल्या, यावर अभ्यासकांत वाद आहे. एका अटीत भिक्खुणी होण्यापूर्वीची दोन वर्षांची उमेदवारी आणि भिक्खू व भिक्खुणी अशा दोन्ही संघांकडून उपसंपदा गृहीत धरली आहे. पहिल्याच भिक्खुणीला दीक्षा देताना दुसरा भिक्खुणी संघ कुठून आला, याचे उत्तर कथेत नाही. मला त्या मागाहूनच्या वाटतात. पण अटींचा खरेखोटेपणा ठरवून भागत नाही, कारण पुढची दोन हजार वर्षे त्या खऱ्या मानूनच कारभार चालला.

याच परंपरेने स्त्रियांचे बोलही जपले, हे नमूद केले पाहिजे. सोमा नावाच्या थेरीला, म्हणजे ज्येष्ठ भिक्खुणीला, साधकांना मोहात पाडणारा मार टोमणा मारतो की ऋषींना दुर्लभ असलेले पद ‘दोन बोटांच्या अकलेच्या’ बाईला मिळणार नाही. दोन बोटांची अक्कल का, याचे अट्ठकथेतील, म्हणजे जुन्या पाली टीकेतील, स्पष्टीकरण वाचताना मी थबकले होते: बाई जन्मभर भात रांधते, तरी तो शिजला की नाही हे तिला शीत बाहेर काढून दोन बोटांत दाबल्याशिवाय कळत नाही! शितावरून भाताची परीक्षा करणे ही आपल्याकडे शहाणपणाची खूण. तिथे तीच कृती अडाणीपणाचा पुरावा ठरली. सोमा वाद घालत बसत नाही. चित्त एकाग्र झाले असेल आणि ज्ञान जागे असेल तर स्त्रीत्वाने काय बिघडते, एवढेच ती विचारते. धम्मदिन्ना नावाची थेरी तर आपल्या पूर्वाश्रमीच्या पतीला धम्माचे एकेक बारकावे समजावून सांगते. तो तेच बुद्धांना जाऊन सांगतो, तेव्हा मला विचारले असते तर मीही असेच उत्तर दिले असते, असे बुद्ध म्हणतात. शिकवण्याच्या बाबतीत याहून मोठे प्रमाणपत्र नाही. तरीही आठ अटींनुसार भिक्खुणीने भिक्खूला उपदेश करायचा नाही, भिक्खूने मात्र भिक्खुणीला करायचा.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचा गाभा. स्त्रियांना बाहेर ठेवणारी गोष्ट बहुतेक वेळा सिद्धान्तात नसते, ती कार्यपद्धतीत असते. स्त्रीची उपसंपदा आधी भिक्खुणी संघाने आणि मग भिक्खू संघाने द्यायची, असा नियम. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने श्रीलंकेत नेलेला भिक्खुणी संघ अकराव्या शतकातील चोळ आक्रमणांनंतरच्या काळात लोपला. भिक्खुणीच उरल्या नाहीत, म्हणजे पहिली पायरी नाही. म्हणून यापुढे कोणीही भिक्खुणी होऊ शकत नाही. कोणी दुष्टपणा केला असे नाही, केवळ नियम पाळला, असे हे चित्र दिसते.

परंतु त्याच आक्रमणांत भिक्खूंची परंपराही तुटली होती. उपसंपदेला लागणारे पाच भिक्खूही बेटावर मिळेनात, तेव्हा राजा पहिला विजयबाहू याने ब्रह्मदेशातून भिक्खू आणवले. अठराव्या शतकात ती पुन्हा तुटली, तर १७५३ मध्ये सयामहून (आजच्या थायलंडहून) उपाली थेरांना आणून ती पुन्हा जोडण्यात आली. पुरुषांची परंपरा तुटली की राजे जहाजे पाठवतात. स्त्रियांची तुटली की नियमाचे पान उघडून दाखवले जाते. शिवाय भिक्खूंनी भिक्खुणींना उपसंपदा द्यावी अशी स्पष्ट अनुज्ञा त्याच विनयपिटकात आहे आणि ती मागे घेतल्याचे वचन नाही. ते पान मात्र फारसे उघडले जात नाही.

पाचव्या शतकात श्रीलंकेच्या भिक्खुणी समुद्रमार्गे चीनला गेल्या आणि ४३४ च्या सुमारास आजच्या नानजिंग येथे त्यांच्या उपस्थितीत तीनशेहून अधिक चिनी स्त्रियांना उपसंपदा मिळाली. तो धागा पूर्व आशियात अखंड राहिला. डिसेंबर १९९६ मध्ये सारनाथ येथे पूर्व आशियाई संघाच्या साहाय्याने श्रीलंकेच्या काही स्त्रिया भिक्खुणी झाल्या, तेव्हा हा धागा जणू माहेरी परतला. आक्षेप आला की तो परक्या निकायाचा, म्हणजे दुसऱ्या बौद्ध शाखेचा, आहे. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थजवळ भिक्खू अजान ब्रह्म यांनी चार स्त्रियांच्या उपसंपदेत भाग घेतला, तेव्हा थायलंडमधील त्यांच्या मूळ विहारपरंपरेने त्यांच्याशी संबंध तोडले. शिक्षा कोणत्या गोष्टीला होते हे पाहिले की अधिकार कुठे साठला आहे हे कळते.

थायलंडच्याच एका विहारात मी काही दिवस राहिले होते. तिथे श्वेत वस्त्रांतील, आठ शील, म्हणजे आचारनियम, पाळणाऱ्या स्त्रिया असतात, त्यांना ‘मे ची’ म्हणतात. त्या भिक्खुणी नव्हेत. जेवणाच्या वेळी पंगतीचा क्रम असा: आधी भिक्खू ज्येष्ठतेनुसार, मग दहा-बारा वर्षांचे श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, आणि शेवटी मे ची. त्यांतील सर्वांत वृद्ध बाईंना मे ची होऊन चाळीस वर्षे झाली होती. त्या पहाटे तीनला उठून स्वयंपाकघरात जात, आणि त्यांच्या नातवंडांच्या वयाचे पोर त्यांच्याआधी ताट भरून घेई. लोक त्या बाईंच्या पाया पडत, हेही खरे. थायी कायदा त्यांना संन्यस्त मानून मताधिकार नाकारतो आणि भिक्खूंना मिळणाऱ्या प्रवासासारख्या सवलतींच्या वेळी सामान्य गृहस्थ मानतो. भिक्खुणी व्हावेसे वाटत नाही का, असे मी त्यांना विचारले. त्या हसून म्हणाल्या, आत्ता मला कोणी विचारत नाही, तेव्हा मी मोकळी आहे. भिक्खुणी झाले की विचारायला आठ अटी येतील.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. वेगळी वाट काढता येते आणि अनेकींनी काढली आहे, पण तिच्याबरोबर जमीन, विद्यापीठे, ग्रंथभांडारे आणि समाजाचे दान येत नाही. ते जुन्या संस्थेकडेच राहते. म्हणून कित्येक जणी आत राहून झगडतात. चर्च ऑफ इंग्लंडने १९९४ मध्ये स्त्रियांना पुरोहितपद दिले, पण बिशपपद मिळायला २०१५ उजाडले. पुरोहित विधी करतो आणि बिशप पुरोहित घडवतो. मधल्या वीस वर्षांचा अर्थ माझ्या मते या फरकात आहे.

भिक्खुणींपुढे याहूनही चिवट गाठ आहे, आणि ती सुटण्याचा वेग विनयातच ठरलेला आहे. भिक्खूला दहा वर्षांनी उपाध्याय, म्हणजे दीक्षा देणारा गुरू, होता येते आणि त्याने किती जणांना दीक्षा द्यावी याला अशी वार्षिक मर्यादा नाही. भिक्खुणीला त्यासाठी बारा वर्षे थांबावे लागते. त्यानंतरही तिने वर्षात एकीपेक्षा अधिक जणींना दीक्षा द्यायची नाही आणि लागोपाठच्या वर्षांत द्यायची नाही. म्हणजे १९९६ मध्ये सारनाथला उपसंपदा घेतलेली भिक्खुणी २००८ मध्ये उपाध्याया होण्यास पात्र झाली आणि नियम अक्षरशः पाळला तर २०१८ पर्यंत तिच्या हातून जास्तीत जास्त सहा जणी भिक्खुणी होऊ शकल्या.