आधी कारागृहात जाऊन ये

गरीब आणि कैद्यांना फुकट वकील देणाऱ्या विधी सेवा समितीच्या पॅनलवर, म्हणजे वकिलांच्या यादीत, तुझं नाव आलं, छान झालं. नेमणुकीचं पत्र हातात पडलं की फाईल उघडण्याआधी नागपूरच्या वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात एक चक्कर मार. माझ्या पहिल्या अपिलात मी हे केलं नव्हतं. अशील भेटला तेव्हा म्हणाला, "साहेब, तुम्ही माझ्याकडून की सरकारकडून?" पोरा, लाज वाटली मला.

भेटीत विचारायचं ते हे: निकालाची प्रत मिळाली का, ती वाचून कोणी समजावली का, आणि शिक्षा कोणत्या तारखेला झाली. प्रत फुकट द्यायचीच असते. १९७८ च्या होसकोट निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे बजावलंय. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपिलाला ६० दिवस, फाशी असेल तर ३०. मुदत टळली असेल तर घाबरू नको, विलंबमाफीचा अर्ज लाव, पण कारण नीट लिही. "गरिबीमुळे" एवढ्याने भागत नाही. प्रत कधी मिळाली, घरचं कोणी भेटायला येतं का, हे तारखांसकट मांड.

उत्पन्नाचा दाखला मागत बसू नको. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार फुकट वकील मिळायला कोठडीतल्या माणसाला तो लागतच नाही. वकालतनाम्यावर अंगठा असेल तर तुरुंग अधिकाऱ्याची सही-शिक्का तिथंच घे, नाहीतर उच्च न्यायालयाच्या खंडपीठात आक्षेप निघतो अन् पुन्हा हेलपाटा.

आणि अशिलाच्या घरच्यांकडून एक रुपयाही घेऊ नको. चहासुद्धा तूच पाज.